पांढरी वस्तू चांदीची आहे की नाही, हे तिला धक्का न लावता कितपत ठरवता येते?

सांजवात
आजीच्या देवघरातील चार वस्तू वाटणीत माझ्याकडे आल्या आहेत: ताम्हण, पंचपात्र, निरांजन आणि गुलाबदाणी. घरात सर्वजण त्यांना चांदीच्याच म्हणत आले. मात्र पावती एकीचीही नाही, आणि ताम्हणाच्या तळाशी असलेला शिक्का घासून घासून इतका पुसट झाला आहे की त्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. वस्तू मोडीत द्यायच्या नाहीत, त्यामुळे भावाचा प्रश्न नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच, की ओरखडा न काढता, आम्ल न लावता, केवळ भौतिक गुणधर्मांच्या आधारे धातूची ओळख पटवता येते का, आणि येत असेल तर किती खात्रीने? शाळेत आपण रंग, चकाकी, घनता, द्रवणांक, विद्राव्यता अशी यादी पाठ करतो, पण त्यातील कोणता गुणधर्म प्रत्यक्षात कामाला येतो हे कोणी सांगत नाही. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे. तो एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो.

बिनसाखरेचा_चहा
सर्वांत सोपी कसोटी म्हणजे वाटणीच्या वेळी कोणत्या वस्तूवरून वाद झाला ते आठवणे. जिच्यावर दोन आत्यांनी हक्क सांगितला, ती चांदीची.

अभ्रक
तुमच्याकडे काटा आहे, म्हणजे निम्मे काम झाले. यादीतील घनता हाच गुणधर्म घरात मोजता येण्याजोगा आणि भरवशाचा आहे, कारण ती वस्तूच्या आकारावर किंवा वजनावर अवलंबून नसते; तोळाभर चांदीची आणि मणभर चांदीची घनता एकच. शुद्ध चांदीची घनता दर घनसेंटीमीटरला १०.४९ ग्रॅम, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण ८.४ ते ८.७, पोलादाची ७.८च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची २.७ असते. चांदीच्या नावाने घराघरांत पोहोचलेल्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रधातू असून त्याची घनता ८.५ ते ८.७ भरते. दोन्हींत जवळजवळ वीस टक्क्यांचे अंतर आहे, आणि ते एक ग्रॅमच्या काट्यालाही दिसते.

पद्धत अशी. आधी वस्तू कोरडी तोलावी. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करावा. वस्तू रिळाच्या दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवावी, मात्र ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. पाणी वस्तूला जितक्या जोराने वर ढकलते, तितक्याच जोराने वस्तू पाण्याला खाली दाबते. त्यामुळे काट्यावर आता दिसणारे ग्रॅम म्हणजेच वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे घनसेंटीमीटर. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. ताम्हणासाठी रुंद पातेले लागेल, तेव्हा पाण्यासह एकूण वजन काट्याच्या क्षमतेत बसते की नाही ते आधी पाहावे.

पितळी_घंटा
अभ्रक यांच्या पद्धतीत एक भर घालतो. नक्षीच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता आहे त्यापेक्षा कमी येते. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रावणाचा एखादा थेंब टाकावा आणि वस्तू पाण्याखालीच मऊ ब्रशने पुसून घ्यावी. पाणी उकळून गार केलेले असल्यास आणखी उत्तम, कारण नळाच्या ताज्या पाण्यातून थोड्या वेळाने बुडबुडे सुटत राहतात.

रसायनी
मी या दिशेशी सहमत नाही. घनतेवरून धातू ओळखणे म्हणजे उंचीवरून माणूस ओळखणे. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरून फसवणूक होते ती याच कारणाने. चांदीच्या बाबतीतही शिशाची घनता ११.३४ असल्याने शिसे आणि त्याहून हलका एखादा धातू यांचा मेळ घालून साडेदहाचा आकडा सहज जमवता येतो. पदार्थाची खरी ओळख तो दुसऱ्या पदार्थाशी कसा वागतो यावरून पटते, म्हणजे रासायनिक गुणधर्मांवरून.

कानशीने काढलेला कणभर कीस विरल नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात मिठाचे पाणी टाकावे. चांदी असेल तर दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका बसतो. तो उन्हात ठेवला की जांभळट करडा होत जातो, आणि अमोनिया टाकला की विरघळतो. शिसेही मिठाच्या पाण्याने पांढरा साका देते, परंतु तो उकळत्या पाण्यात विरघळतो आणि चांदीचा विरघळत नाही. तांबे असेल तर अमोनियाने द्रावण गडद निळे होते. एका कणावर चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरे चांदीच्या बाजूने आली, तर शंकेला जागा उरत नाही.

अभ्रक
मान्य, पण धागाकर्तीने आम्ल नको म्हटले आहे. शिवाय शिशाचा मेळ घालून घनता जमवलेली वस्तू वाजवली की बद्द आवाज येतो. घनतेला फसवणारा लबाड नादालाही फसवेलच असे नाही.

तळटीप
वरच्या दोन प्रतिसादांतला वाद मला अनाठायी वाटतो, कारण दोघेही एकच गोष्ट दोन टोकांकडून सांगत आहेत. कोणतीही कसोटी 'ही चांदी आहे' असे सांगत नाही. ती एवढेच सांगते की अमुक धातू असता तर असे दिसले नसते. म्हणून प्रत्येक कसोटीनंतर एकच प्रश्न विचारावा, की चांदीखेरीज आणखी कोण या परीक्षेत उत्तीर्ण झाले असते? घनतेच्या परीक्षेत शिशाचा मेळ उत्तीर्ण होईल, पण तांबे होणार नाही. उष्णता किती वेगाने वाहून नेतो या परीक्षेत तांबे उत्तीर्ण होईल, पण शिसे होणार नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन कसोट्या निवडल्या, तर दोन्हींतून निसटणारे उमेदवार फार थोडे उरतात. एकाच जातीच्या चार कसोट्या करून मात्र नवे काही कळत नाही. गुणधर्म भौतिक की रासायनिक हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे.

बिनसाखरेचा_चहा
लग्नाच्या स्थळांनाही हीच पद्धत लावावी, असा माझा प्रस्ताव आहे.

मोगरा_४७
माझ्या सासूबाई चांदी ओळखण्यासाठी वस्तूवर बर्फाचा खडा ठेवतात. खडा भराभर वितळला तर चांदी खरी. याला काही शास्त्रीय आधार आहे का?

अभ्रक
आहे, आणि चांगला आहे. सर्व धातूंत उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारा धातू चांदीच. उष्मावाहकतेच्या नेहमीच्या एककात चांदीचा आकडा साधारण ४३०, तांब्याचा ४००, ॲल्युमिनियमचा २३५, पितळेचा ११० ते १२० आणि जर्मन सिल्व्हरचा तिसाच्या आसपास आहे. त्यामुळे चांदी आणि जर्मन सिल्व्हर यांच्यात हा फरक हाताला जाणवतो. एकाच जाडीचे दोन चमचे गरम पाण्यात उभे केले तर चांदीच्या चमच्याचे टोक काही क्षणांत बोटाला चटका देते आणि दुसरा चमचा निवांत असतो. मात्र तळटीप यांचा प्रश्न येथेही लागू आहे: तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली वस्तू बर्फाच्या परीक्षेत अगदी ऐटीत उत्तीर्ण होईल.

हुपरीकर
आमच्या घराण्यात चांदीकाम आहे, म्हणून थोडे लिहितो. चांदीची वस्तू ही सगळीकडे सारखी चांदी नसते. जोड देण्यासाठी जो डाख वापरतात, त्यात चांदीबरोबर तांबे आणि जस्त असते, कारण डाख मूळ धातूच्या आधी वितळला पाहिजे. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते. डाख त्याच्या बराच खाली वितळतो. पैंजणासारख्या वस्तूत, जिथे घुंगरागणिक डाख आहे, तिथे आटवल्यावर निघणारा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, मूळ पत्र्याच्या टंचापेक्षा कमी भरतो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की आपल्याला फसवले. तेव्हा कसोटी कोणतीही असो, ती वस्तूच्या कोणत्या जागेवर केली हे लिहून ठेवावे.

दुसरे असे, की गुलाबदाणी, अत्तरदाणी, समई यांसारख्या उभ्या वस्तूंच्या बैठकीत वजनासाठी किंवा पत्रा दबू नये म्हणून राळ किंवा लाख भरण्याची पद्धत होती. अशा वस्तूची घनता मोजून काही हाती लागणार नाही.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये जुन्या बाजारात असा प्रश्न नेहमी पडतो, फक्त येथे शिक्क्यांची मदत होते. इंग्रजी चांदीवर चालत्या सिंहाची मुद्रा असेल तर ती हजारात ९२५ भाग चांदीची, आणि शेजारी जहाजाच्या नांगराची खूण असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली. याउलट 'ई. पी. एन. एस.' ही चार अक्षरे दिसली तर आत निकेलचे मिश्रधातू आणि वर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि त्यानंतर अशा वस्तूंचा पूर आला. मुंबईत जुन्या घरांतून निघणाऱ्या चहाच्या संचांवर ही अक्षरे सर्रास आढळतात, आणि शिक्का इंग्रजी आहे एवढ्यावरून लोक त्याला चांदी समजतात. सांजवातताई, पुसट शिक्क्याचे छायाचित्र भिंगातून घेऊन टाकता येईल का?

सांजवात
शिक्क्याचे छायाचित्र घेऊन पाहिले. एका अर्धवट चौकटीपलीकडे काही दिसत नाही. घनता रविवारी मोजते. तोवर आणखी एक शंका: काळे पडणे ही चांदीची खूण धरावी का? ताम्हण आणि गुलाबदाणी काळ्या पडतात, पंचपात्र पिवळट हिरवे पडते.

रसायनी
हे निरीक्षण तुम्ही आधीच लिहायला हवे होते, कारण ही तुमच्या घरात वर्षानुवर्षे चाललेली रासायनिक कसोटीच आहे, आणि वस्तूला कोणी हातही लावलेला नाही. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन काळे सिल्व्हर सल्फाइड बनते. अंड्यात बुडवलेला चांदीचा चमचा काळा पडतो तोही त्यामुळेच. तांबेही काळवंडते, पण दमट हवेत त्यावर हिरवट थर येण्याकडे कल असतो. पिवळट हिरव्या छटेमुळे पंचपात्रात तांब्याचा अंश मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. अर्थात मुलामा झिजला असेल तर झिजलेल्या जागी वेगळा रंग दिसेल. कडा आणि बूड नीट पाहा. खालून पिवळे दिसले तर पितळ, पांढरेच दिसले तर जर्मन सिल्व्हर. घनता या दोघांना वेगळे करू शकणार नाही, कारण दोन्हींचे आकडे एकमेकांवर चढतात.

मोगरा_४७
थोडे अवांतर: पेढ्यावरचा वर्ख चांदीचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे कसे ओळखावे? त्याची घनता मोजायची तर पेढा बुडवावा लागेल.

रसायनी
पेढा वाचवता येतो. वर्खाचा तुकडा बोटांत चोळावा. चांदीचा वर्ख जवळजवळ नाहीसा होतो, ॲल्युमिनियमची बारीक गोळी वळते. दुसरी कसोटी जाळण्याची: चांदीचा वर्ख आकसून त्याचा चकचकीत पांढरा मणी बनतो, आणि ॲल्युमिनियमची काळपट करडी राख होते. यातील गंमत अशी, की ज्वालेत चांदी फक्त वितळते, म्हणजे बदल भौतिक आहे. ॲल्युमिनियमचा ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणजे बदल रासायनिक. एकाच ज्वालेत दोघांचे वागणे वेगळ्या जातीचे आहे.

गधेगाळ
नाण्यांच्या बाबतीत या धाग्यातले जवळजवळ सर्व मुद्दे एका मुठीत मावतात, म्हणून लिहितो. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात हजारात ९१७ भाग चांदी, उरलेले तांबे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली; बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे, आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. त्याची ओळख पटवायला दुसरे काहीच लागत नाही.

आता पहिल्या दोघांत फरक कसा करावा? हिशेबाने राणीछाप रुपयाची घनता १०.३४ येते आणि युद्धकालीन रुपयाची सुमारे ९.५. पाण्यात टांगल्यावर पहिला १.१३ ग्रॅम दाखवतो, दुसरा १.२२. हा फरक स्वयंपाकघरातल्या काट्याला दिसणे अशक्य आहे. त्यासाठी सराफी काटा हवा, जो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. नाणे झिजले असेल तरी हरकत नाही, कारण झिजेने वजन घटते, घनता घटत नाही. पूर्वीचे लोक रुपया दगडावर टाकून वाजवून घेत. ती कसोटी आजही मी पहिली करतो, परंतु निष्कर्ष तिच्यावर सोडत नाही.

कोकणातला_वारा
हे सगळे कशासाठी? सराफाकडे एक्सआरएफ यंत्र असते. वस्तू आत ठेवली की मिनिटभरात चांदी किती, तांबे किती, सर्व पडद्यावर येते. ओरखडा नाही, आम्ल नाही. घनतेची पद्धत आर्किमिडीजच्या काळात ठीक होती.

अभ्रक
एक्सआरएफ उत्तम आहे, पण ते कुठपर्यंत पाहते हे ठाऊक असावे. यंत्र क्ष-किरण सोडते, धातूतील अणू उत्तेजित होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देते. चांदीचे मुख्य किरण २२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, तर तांब्याचे ८ चे. तांब्याचे हे दुबळे किरण वर चांदीचा थर असेल तर बाहेर पडण्याआधीच शोषले जातात. त्यामुळे यंत्राला दिसतो तो पृष्ठभाग, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीचा. जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचे गुण सांगते.

हुपरीकर
आणि मुलामा नसला तरीही. चांदी-तांब्याची वस्तू तापवून आम्लाच्या पाण्यात टाकली की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचे कवच राहते. कारागीर हे वस्तू पांढरी दिसावी म्हणून करतात, त्यात लबाडीचा हेतू नसतो. पण नवीन वस्तूवर यंत्र टंच जास्त दाखवते याचे एक कारण हे आहे. आटवून काढलेला टंच तो खरा.

तळटीप
एक्सआरएफवरून पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: मूलद्रव्याने विशिष्ट ऊर्जेचे किरण देणे हा भौतिक गुणधर्म, पण त्याने उघड होते ती रासायनिक घडण. शाळेतली दोन खणांची पेटी इथे अपुरी पडते.

कोकणातला_वारा
किरणांवरून मूलद्रव्य ओळखण्याचा विषय निघालाच आहे, तर हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला हे नमूद करतो. तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

तळटीप
विजयदुर्गाबद्दल मलाही ममत्व आहे, परंतु नोंदी वेगळे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहणारा यान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्या वर्षी २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच इंग्लंडमधून पिवळी रेषा पाहिली आणि ती सोडियमची नाही हे हेरले. सोडियमची पिवळी जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, तर ही रेषा ५८७.५ ला. इतक्या बारीक फरकावर नवे मूलद्रव्य असल्याचा दावा उभा होता.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा, की तो दावा बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी मनापासून स्वीकारला नाही. एका रेषेवरून, म्हणजे एकाच गुणधर्मावरून, मूलद्रव्य मानायला ते तयार नव्हते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली, आणि मग घनता वगैरे बाकीचे गुणधर्म मोजता आले. रसायनी यांची बाजू त्या काळीही भक्कम होती.

रसायनी
सत्तावीस वर्षांनी का होईना, कोणीतरी मान्य केले.

कोकणातला_वारा
नोंदी मान्य. तरीही आमचा हेलियम दिन आम्ही साजरा करणार.

सांजवात
रविवारी मोजमाप झाले. पाणी उकळून गार केले होते, दोऱ्याने टांगले होते, बुडबुडे पुसले होते. कोरडे वजन आणि पाण्यातला आकडा असे दोन्ही देते.

ताम्हण: २४८ आणि २४.
पंचपात्र: १७१ आणि २०.
निरांजन: ६४ आणि ७.
गुलाबदाणी: ३०५ आणि ३३.

भागाकार केल्यावर अनुक्रमे १०.३, ८.५५, ९.१ आणि ९.२ आले. पहिल्या दोघांचा अर्थ मला लागतो. उरलेल्या दोघांचे काय करावे?

अभ्रक
आकडे सुरेख आहेत, पण काट्याची चूक धरून वाचायला हवेत. काटा जेव्हा ७ दाखवतो तेव्हा खरे मूल्य साडेसहा ते साडेसात यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यामुळे निरांजनाची घनता ८.५ ते ९.८ यांपैकी काहीही असेल. जर्मन सिल्व्हरपासून निम्म्या चांदीपर्यंत सर्वांना दार उघडे आहे. ते सराफी काट्यावर पुन्हा मोजल्याशिवाय त्याविषयी बोलू नये. ताम्हणाचा पल्ला १०.१ ते १०.६ आहे आणि त्यात शेकडा नव्वदाच्या आसपासची चांदी व्यवस्थित बसते. पंचपात्राचा पल्ला ८.३ ते ८.८, ते चांदीचे नाही.

गुलाबदाणीचा ९.२ हा आकडा बैठकीतील पोकळीमुळे आला असावा. धातूची घनता १०.३ धरली तर ३०५ ग्रॅमला २९.६ घनसेंटीमीटर पुरतात. तुमचा आकडा ३३ आहे. म्हणजे साडेतीन घनसेंटीमीटरच्या आसपास बंद हवा असली तरी हिशेब जुळतो. राळ भरली असेल तर ती चारेक ग्रॅम पुरते. पण चांदी कमी असलेले मिश्रधातू असेल तरीही हाच आकडा येईल, हे विसरून चालणार नाही.

हुपरीकर
गुलाबदाणीची मान फिरकीची असते. मान काढून दोन्ही भाग वेगवेगळे मोजा.

रसायनी
आणि पंचपात्रासाठी निकेलची कसोटी करा. वस्तूला इजा होत नाही. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी डायमेथिलग्लायॉक्झिम आणि अमोनिया यांची तयार जोडी औषधांच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मिळते. कापसाचा बोळा त्यात भिजवून झिजलेल्या कडेवर चोळला आणि बोळ्यावर गुलाबी रंग उतरला, तर निकेल आहे. आधी साबणाने धुऊन घ्या आणि नंतर पुसून टाका, एवढेच. नायट्रिक आम्ल मात्र घरी आणू नका. त्यातून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो. मी आधी सांगितलेली साक्याची कसोटी कोणी प्रयोगशाळेत केलीच, तर अमोनियात विरघळलेली चांदी बाटलीत साठवून ठेवू नये, कारण अशा द्रावणात कालांतराने स्फोटक संयुग तयार होऊ शकते. काम झाले की लगेच आम्लयुक्त करून त्याची विल्हेवाट लावावी.

सांजवात
दोन्ही केले. पंचपात्राच्या बुडाशी चोळलेला बोळा स्पष्ट गुलाबी झाला, आणि झिजलेली कड पांढरीच आहे. तेव्हा ते जर्मन सिल्व्हर. ताम्हणावर आणि गुलाबदाणीच्या पायाच्या कडेवर रंग आला नाही. गुलाबदाणीची मान ९६ ग्रॅम, पाण्यात ९; बैठक २०९ ग्रॅम, पाण्यात २४. मानेची घनता १०.७ येते आणि बैठकीची ८.७. हा ८.७ चा आकडा जर्मन सिल्व्हरचाच असल्याने क्षणभर गोंधळ झाला, पण निकेल निघाले नाही.

रसायनी
निकेल न निघण्याचा एक अर्थ असाही, की मुलामा तिथे अजून शाबूत आहे. बैठकीवर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही.

पितळी_घंटा
बैठक बोटावर तोलून लाकडी पळीने हलकेच वाजवा आणि मानेशी तुलना करा. राळ भरलेली असेल तर नाद दबलेला येईल, रिकामी असेल तर घुमेल. यावरून धातू कळणार नाही, पण आत काय आहे ते कळेल, आणि अभ्रक यांचा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

सांजवात
दबलेला येतो. ठण् असा आवाज मानेचा, थप् असा बैठकीचा.

अभ्रक
मग राळ किंवा लाख असण्याचीच शक्यता अधिक. तसे असेल तर बैठकीला गरम पाण्याची कसोटी लावण्याच्या फंदात पडू नका. भरण मऊ होऊन पत्रा सुटू शकतो.

हुपरीकर
आता निरांजन आणि बैठक या दोनच वस्तूंसाठी सराफाकडे जा. यंत्रावर बैठकीची पायाकडची झिजलेली कड धरायला सांगा, कारण मुलामा असलाच तर तो तिथे सर्वांत पातळ असेल. मानेच्या जोडाजवळची जागा टाळा, तिथे डाख आहे. आणि केवळ चांदीचा टक्का विचारून परत येऊ नका, तांबे, जस्त आणि निकेल यांचे आकडेही लिहून घ्या. जस्त अनपेक्षितपणे जास्त निघाले, तर जागा थोडी सरकवून पुन्हा एकदा मोजायला लावा.